एका फ्रेममध्ये कॅक्स्टन : प्रकल्प नोंदी

१२ जून

विषय ठरला. दिवाळीआधीच्या टपाल तिकीट प्रदर्शनात एक फ्रेम लावायची: इंग्लंडमधली सुरुवातीची छपाई आणि पुढच्या पिढ्यांनी तिची काढलेली चित्रं. एक फ्रेम म्हणजे ए-४ आकाराची १६ पानं. थीमॅटिक वर्गात गेले तर फक्त टपालाच्याच वस्तू चालतील. माझ्याकडे तिकिटांइतकीच छापील चित्रं आणि सटरफटर आहे, त्यामुळे 'ओपन' वर्ग बरा. तिथे निम्मं साहित्य टपालाचं असलं की उरलेल्या निम्म्यात काय घालायचं ते आपलं आपण ठरवायचं.

सगळं टेबलावर मांडून पाहिलं. ब्रिटनच्या टपाल खात्याचा २९ सप्टेंबर १९७६ चा चार तिकिटांचा संच, सुटा आणि गटर जोड्यांत (मधल्या कोऱ्या पट्टीसकट जोडलेली दोन-दोन तिकिटं). त्याच दिवसाचं फर्स्ट डे कव्हर. तिकिटांच्याच चित्रांची मोठी कार्डं. अमेरिकेचं १९३९ चं जांभळं, तीन सेंटचं तिकीट. १७९४ चं तांब्याचं हाफपेनी टोकन. डॅनियल मॅक्लिसच्या चित्रावरून छापलेलं एक जुनं चित्र, कडा तपकिरी पडलेल्या. शिवाय चर्चच्या रंगीत काचांची पोस्टकार्डं.

बहुतेक वस्तू एकाच माणसाभोवती फिरतात. विल्यम कॅक्स्टन, मूळचा केंटचा. लंडनमध्ये कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, मग ब्रुजला जाऊन तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा प्रमुख झाला. छपाईचा धंदा धरला तेव्हा उमेदीची वर्षं मागे पडली होती. कोलोनमध्ये १४७१-७२ च्या सुमारास हे काम शिकला, ब्रुजमध्ये ट्रॉयच्या कथांचं आपणच केलेलं भाषांतर छापलं (इंग्रजी भाषेतलं हे पहिलं छापील पुस्तक) आणि १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या आवारात दुकान मांडलं. इंग्लंडच्या भूमीवरचा हा पहिला छापखाना.

पानांची आखणी करताना एकच कसोटी लावायची: वस्तूवरचं चित्र त्याच्या काळातलं आहे, की नंतर कोणी मनाने रंगवलेलं? प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते वर्ष लिहायचं. तिकिटाचं वर्ष वेगळं, चित्राचं वेगळं.

१५ जून

आज फक्त चार तिकिटं. आखणी रिचर्ड गे यांची, छपाई हॅरिसन कंपनीची. ८½ पेन्सवर 'कँटरबरी टेल्स' या कवी चॉसरच्या यात्रेकरूंच्या कथांमधलं लाकडी ठशाचं चित्र, निळ्यावर काळं. १० पेन्सवर 'ट्रीटिस ऑफ लव्ह' या पुस्तकाचा मजकूर, हिरवट. ११ पेन्सवर बुद्धिबळाच्या पुस्तकातलं चित्र, करडं. १३ पेन्सवर जुनं छापयंत्र, तपकिरी. राणीचं डोकं चारही तिकिटांवर सोनेरी. ८½ पेन्स हा तेव्हाचा पहिल्या वर्गाच्या टपालाचा दर, म्हणून तेच तिकीट सर्वांत जास्त फिरलं आणि वापरलेलं आजही ढिगाने मिळतं.

संच ५०० वर्षांच्या निमित्ताने काढलेला, आणि तरीही त्यात कॅक्स्टन कुठेच नाही. नंतरच्या चित्रांत त्याच्यासोबत हटकून दिसणारा राजाही नाही. चारांपैकी तीन तिकिटांवर छापील पुस्तकाचा अंश आहे, चौथ्यावर यंत्र. पहिल्यांदा हाती आला तेव्हा संच रुक्ष वाटला होता. आता वाटतं, या विषयावरचं सगळ्यांत शहाणपणाचं काम हेच.

दहापट भिंगाखाली १० पेन्सचं तिकीट ठेवलं. अक्षरं काळी, टोकदार, एकमेकांना खेटलेली. पण कडा नीट पाहिल्या तर सलग नाहीत. ग्राव्ह्यूर पद्धतीत सिलिंडरवर बारीक खळगे कोरलेले असतात आणि शाई त्या खळग्यांतून कागदावर येते, त्यामुळे अक्षराची रेघ भिंगाखाली दातेरी दिसते. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत नेमकं उलटं. अक्षर वर आलेलं, शाई माथ्यावर, आणि दाबामुळे कागदात खोलगट खूण. म्हणजे खिळ्यांच्या छपाईचा गौरव करणारं हे तिकीट त्या छपाईच्या अगदी विरुद्ध पद्धतीने तयार झालं आहे. पान ३ वर भिंगातला फोटो लावून हे दाखवायचं. परीक्षकांना असलं तांत्रिक काही आवडतं, आणि मलाही.

८½ पेन्सच्या तिकिटाखाली टीप: कॅक्स्टनने 'कँटरबरी टेल्स' दोनदा छापलं. पहिल्या आवृत्तीत चित्रं नव्हती. ती घेतलेला एक गृहस्थ येऊन म्हणाला, तुमचा मजकूर चॉसरने लिहिला तसा नाही, माझ्या वडिलांकडे याहून चांगली हस्तलिखित प्रत आहे. कॅक्स्टनने ती मागून घेतली आणि १४८३ च्या सुमारास दुरुस्त आवृत्ती काढली, या वेळी चित्रांसकट. हा किस्सा त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितला आहे. चित्रांत मात्र काटकसर: एकच ठोकळा वेगवेगळ्या यात्रेकरूंसाठी वापरलेला. दाढी तीच, घोडा तोच, नाव वेगळं.

२२ जून

चेहऱ्याचा प्रश्न.

जुन्या कोरीव चित्रांत 'विल्यम कॅक्स्टन' म्हणून एक चेहरा वारंवार भेटतो. डोक्याला गुंडाळलेलं कापड, दाढी, कडेने पाहणारी नजर. १७३७ मध्ये जॉन लुइस यांनी लिहिलेल्या चरित्रात तो आहे आणि तिथून तो पिढ्यानपिढ्या उचलला गेला. हा चेहरा मुळात फ्लॉरेन्सचा कवी बुर्किएल्लो याचा. पेशाने न्हावी, विनोदी सुनीतं लिहिणारा. त्याच्या कवितांच्या सोळाव्या शतकातल्या आवृत्तीत ते चित्र होतं, कोणीतरी त्यालाच कॅक्स्टन करून टाकलं. एकोणिसाव्या शतकात हे उघड झालं तरी चेहरा फिरायचा थांबला नाही. बिचाऱ्या न्हाव्याला वेस्टमिन्स्टरमध्ये दुकान मिळालं, त्याला पत्ताही नसेल.

दुसरा दावेदार लंडनमधल्या लॅम्बेथ पॅलेसच्या हस्तलिखितातला. चित्रात अर्ल रिव्हर्स राजा चौथ्या एडवर्डला पुस्तक अर्पण करतो आहे आणि त्याच्या शेजारी काळ्या झग्यातला आणखी एक माणूस गुडघे टेकून बसला आहे. हाच कॅक्स्टन, असं बराच काळ सांगितलं जायचं, कारण रिव्हर्सने भाषांतर केलेलं हे तत्त्वज्ञांच्या वचनांचं पुस्तक कॅक्स्टननेच छापलं. छापून झाल्याची तारीख १८ नोव्हेंबर १४७७. इंग्लंडमध्ये छापलेलं, तारीख असलेलं हे पहिलं पुस्तक. पण त्या माणसाचं डोकं मधोमध भादरलेलं आहे, पाद्र्यासारखं. कॅक्स्टन संसारी माणूस, त्याला मुलगी होती. तो माणूस हस्तलिखित उतरवून काढणारा लेखनिक असावा.

निर्णय: दोन्ही चित्रं एकाच पानावर, शेजारी शेजारी, खाली सरळ लिहायचं की हा तो नव्हे आणि हाही नव्हे. मुखपृष्ठावर चेहरा नको.

मग मुखपृष्ठावर काय? त्याचं व्यापारचिन्ह. डब्ल्यू आणि सी या अक्षरांच्या मध्ये गाठीगाठींची खूण, ती बहुधा ७४ अशी वाचतात. हे चिन्ह पहिल्यांदा १४८७ मध्ये दिसतं, तेही पॅरिसमध्ये त्याच्यासाठी छापून घेतलेल्या एका प्रार्थनाग्रंथात. कापडाच्या गासड्यांवर व्यापारी अशाच खुणा करायचे. त्याचा चेहरा नाही, पण सही आहे.

२९ जून

त्याच्या हयातीतलं म्हणावं असं एकच चित्र, तेही वादातलं. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात ट्रॉयच्या कथांची जी प्रत आहे तिच्या आरंभी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं एक चित्र चिकटवलेलं आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रतीत ते नाही. ते या पुस्तकासाठीच केलं होतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला ते पानावर हवंच आहे.

मोठी प्रत काढून आणली आणि दुपारभर पाहत बसले. एक खोली. मधोमध बर्गंडीची डचेस मार्गारेट, राजा चौथ्या एडवर्डची बहीण, उंच टोकदार शिरोवस्त्र घालून उभी. मागच्या छतावर तिच्या आणि नवऱ्याच्या नावांची आद्याक्षरं गुंफलेली, आणि तिचं फ्रेंच ब्रीदवाक्य. समोर एक माणूस गुडघा टेकून पुस्तक पुढे करतो आहे. दाराशी दरबारातल्या बायका. आणि पुढे जमिनीवर एक माकड, त्या माणसाच्या आविर्भावाची नक्कल करणारं.

माकड का, यावर पानात दोन ओळी लिहिल्या, मग खोडल्या. ज्याला बघायचं तो बघेल.

मार्गारेटचं काम मोठं. कॅक्स्टनने भाषांतराची पाच-सहा दस्तं (कागदांची जुडगी) लिहून सोडून दिली होती. तिने ती मागवून घेतली, त्याच्या इंग्रजीतल्या चुका काढल्या आणि पुढचं पुरं करायला फर्मावलं. हे तो प्रस्तावनेत लिहितो. पुस्तकाच्या शेवटाकडे म्हणतो की लिहून लिहून लेखणी झिजली, हात थकला, पांढऱ्या कागदाकडे बघून डोळे मंदावले, आणि मागणारे तर बरेच होते, म्हणून खूप खर्च करून ही छपाई शिकलो. पुढे अभिमानाने सांगतो की या सगळ्या प्रती एका दिवशी सुरू झाल्या आणि एकाच दिवशी पुऱ्या झाल्या. प्रत्येक पानाच्या सगळ्या प्रती एकदम निघतात, त्यामुळे सगळी पुस्तकं एकाच दिवशी पुरी होणार, हे छापखान्यात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. हाताने उतरवून घेणाऱ्या वाचकाला मात्र ते नवलाचं होतं.

याच प्रतीचा लिलाव १८१२ मध्ये लंडनला झाला, ड्यूक ऑफ रॉक्सबर्ग यांच्या संग्रहाच्या विक्रीत. ड्यूक ऑफ डेव्हनशायरने १,०६० पौंड १० शिलिंग मोजून ती घेतली. १९१४ मध्ये ती हंटिंग्टनकडे गेली. रॉक्सबर्गच्या त्या विक्रीच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींनी काढलेला क्लब पुढेही भेटेल.

२ जुलै

माउंटिंगसाठी काळा कागद मिळाला नाही, करडा घेतला. करड्यावर तांब्याचं टोकन बरं दिसतं.

६ जुलै

छापयंत्राचं पान. कॅक्स्टनच्या यंत्राचं चित्र उपलब्ध नाही. छापखान्याचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं चित्र १४९९ मधलं, तेही फ्रान्समधल्या लियोंचं. तोवर कॅक्स्टनला जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. म्हणजे त्याच्या दुकानाचं चित्र काढणारा प्रत्येक चित्रकार नंतरचीच यंत्रं पाहून काढत आला.

लियोंचं चित्र 'मृत्यूचं नृत्य' या पुस्तकातलं. सांगाडे येतात आणि ज्याला त्याला हातातल्या कामावरून उठवून नेतात. एक खिळे जुळवणाऱ्याला धरतो, एक यंत्रावरच्या माणसाला, एक शेजारच्या पुस्तक विक्रेत्याला.

याची प्रत घेऊन काकांकडे गेले. काकांनी सगळी नोकरी पुण्यातल्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून काढली, डोळे गेले तरी बोटांना अजून केसमधली, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतली, घरं पाठ आहेत. मी चित्र त्यांच्या टेबलदिव्याखाली धरलं.

"हा बसून जुळवतोय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"हो काका. स्टूलावर. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक आहे बघा, आणि मजकुराचा कागद समोर चिमट्यात उभा."

"याचं भाग्य! आम्हाला बसायला कोण देतंय? देवनागरीच्या केस किती, माहीत आहे ना? काने, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. समोर दोन, बाजूला दोन. एका शब्दासाठी चार दिशांना हात. बसला तर पोचणार कसा?"

"आणि यंत्रावरचा? त्याच्या हातात हे गोळे कसले?"

"शाईचे. आमच्याकडे रूळ होता. ताई, याला दोन माणसं लागतात. एक शाई लावणारा, एक दांडा ओढणारा. आणि या हाडक्याने बरोबर दांडा ओढणाऱ्यालाच धरलंय. फर्मा अर्धवट राहणार आता."

फर्मा (एकदम छापायची पानं) अर्धवट राहणार, ही ओळ पानावर घ्यायची. काकांची परवानगी घेतली. "नाव नको," म्हणाले.

सुरुवातीच्या यंत्रांत एका ओढीत एकच पान दाबलं जायचं, त्याचा उल्लेख घातला. १३ पेन्सचं तिकीट याच पानावर, लियोंच्या चित्राखाली. तिकिटावरच्या यंत्राचा भक्कम लाकडी सांगाडा आणि मधला स्क्रू भिंगाशिवायही स्पष्ट दिसतो.

१३ जुलै

या फ्रेमचं मधलं पान, आणि माझं सगळ्यांत आवडतं.

१४७७ च्या सुमाराची एक चिठ्ठी. तळहाताएवढी, छापील, सात ओळींची. तिच्या दोनच प्रती उरल्यात, एक ऑक्सफर्डला, एक मँचेस्टरला. कॅक्स्टनची जाहिरात. मजकूर साधारण असा: धर्मकार्यातल्या किंवा संसारातल्या कोणाला सॉल्सबरी पद्धतीच्या 'पाय' विकत घ्यायच्या असतील, याच अक्षरांत छापलेल्या आणि नीट शुद्ध केलेल्या, तर त्याने वेस्टमिन्स्टरला आल्मनरीत (मठाच्या दानधर्माच्या जागेत) लाल पट्ट्याच्या खुणेशी यावं, स्वस्तात मिळतील. खाली लॅटिनमध्ये विनंती: ही चिठ्ठी राहू द्यावी.

'पाय' म्हणजे खायची वस्तू नव्हे. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते, तिच्याबरोबर बाकीचे सण सरकतात, आणि मग कुठल्या दिवशी कुठली उपासना करायची याचा गोंधळ उडतो. तो सोडवणारी ही पुस्तिका. थोडक्यात पाद्र्यांचं पंचांग. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये मराठी पंचांग छापलं, तेव्हा त्यांचाही हिशेब हाच असणार: असं काही छापा, जे दरवर्षी लागतं आणि ज्याच्यावाचून अडतं. कॅक्स्टन कापडाच्या धंद्यातून आला होता, गिऱ्हाईक ओळखणारा. लोकांना तो 'कँटरबरी टेल्स'चा छापणारा म्हणून आठवतो, पण दुकानाचं भाडं अशा पुस्तिका आणि पापमोचनाची छापील पत्रकं भागवत असणार, असं मला वाटतं. अशा एका पत्रकावर हाताने लिहिलेली तारीख आहे, १३ डिसेंबर १४७६. इंग्लंडमध्ये छापलेला, तारखेचा पुरावा असलेला तो सर्वांत जुना कागद.

'याच अक्षरांत' हे शब्द महत्त्वाचे. जाहिरात हाच मालाचा नमुना. गिऱ्हाइकाने अक्षर पाहावं, ते वाचता येतं का बघावं आणि मग यावं. आणि 'चिठ्ठी राहू द्यावी' यावरून ती कुठे तरी डकवलेली असणार. आपल्याकडच्या 'येथे जाहिराती लावू नयेत'च्या भिंती आठवल्या आणि हसू आलं.

याच पुस्तिकेचं एक पान २०१७ मध्ये रेडिंग विद्यापीठात सापडलं. दुसऱ्या एका पुस्तकाच्या बांधणीत, पाठीला बळकटी म्हणून चिकटवलेलं होतं. १८२० मध्ये केंब्रिजच्या एका ग्रंथपालाने ते सोडवून बाजूला ठेवलं, पण कॅक्स्टनचं म्हणून ओळखलं नव्हतं. काळी दाट अक्षरं, परिच्छेदांच्या खुणा तांबड्या. त्या पुस्तिकेची तोवर माहीत असलेली मोजकी पानं ब्रिटिश लायब्ररीत होती. जुन्या पंचांगाचं जे होतं तेच तिचं झालं: वर्ष संपलं, रद्दी झाली, आणि कोणीतरी बांधणीत घातली.

पानाची मांडणी: मध्ये जाहिरातीची मूळ आकारातली प्रत, बाकी पान मोकळं. परीक्षक म्हणतील जागा वाया गेली. जाऊ दे.

२० जुलै

आता उलट टोक. मॅक्लिस.

डॅनियल मॅक्लिसने १८५१ मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलेलं भव्य तैलचित्र: कॅक्स्टन आपल्या छपाईचा पहिला नमुना राजा चौथ्या एडवर्डला दाखवतो आहे. मूळ चित्र नेबवर्थ हाउसमध्ये. माझ्याकडे आहे ते त्यावरून छापलेलं. मधोमध राजा आणि राणी, मुलं, दरबारी, आणि त्यांना कागद दाखवणारा दाढीवाला कॅक्स्टन. भोवती कारागीर आपापल्या कामात, कोपरान् कोपरा भरलेला. पाहत राहावं असं चित्र आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक चेहरा कल्पनेतला. १८५१ म्हणजे लंडनच्या महाप्रदर्शनाचं वर्ष. यंत्रांचं कौतुक ऐन भरात असताना राजाला यंत्रासमोर उभा केलेला पाहणं त्या काळाला फार भावलं असणार.

तेव्हापासून हा प्रसंग रूढच झाला. स्टेशनर्स हॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या जुन्या संघाच्या सभागृहात, १८९४ मध्ये रंगीत काचांची खिडकी बसवली: पुन्हा कॅक्स्टन, पुन्हा राजा-राणी, पुन्हा यंत्र. माझं पोस्टकार्ड तिचंच. सेंट मार्गारेट चर्चमध्ये, जिथे त्याला पुरलं, तिथे १८२० मध्ये रॉक्सबर्ग क्लबने स्मृतिफलक लावला आणि १८८२ मध्ये कॅक्स्टनच्या नावाने खिडकी बसली, तिच्यासाठी कवी टेनिसनने कविता लिहिली. दुसऱ्या महायुद्धात ती फुटली, थोडे तुकडे उरले. आल्मनरीतलं 'कॅक्स्टनचं घर' म्हणून जे पडकं लाकडी घर छापील चित्रांत सतत दिसतं, ते त्याच्या काळाच्या बरंच नंतरचं.

व्हिक्टोरियन लोकांना हसावं तर १८७७ आडवं येतं. त्या वर्षी साउथ केन्सिंग्टनला ४०० वर्षांचा मोठा सोहळा झाला, आणि त्याच्यामागे विल्यम ब्लेड्स हा माणूस होता. स्वतः छापखानावाला. त्याने कॅक्स्टनची पुस्तकं अक्षरांच्या झिजेवरून, टंकाच्या बदलांवरून लावली, कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं. खिळा हाताळलेला माणूसच हे करू जाणे. त्या सोहळ्यासाठी ऑक्सफर्डने बायबलच्या १०० प्रती एका दिवसात, बारा तासांत, छापून बांधून हजर केल्या, ३० जून १८७७ रोजी. 'एका दिवशी सुरू, एका दिवशी पुरं' हे कॅक्स्टनचं वाक्य त्यांनी अक्षरशः खरं करून दाखवलं.

मॅक्लिसला एक पान, खिडक्यांना एक, ब्लेड्स आणि बायबलला मिळून एक. कोपऱ्यात वर्षं ठळक: चित्र १८५१, प्रसंग १४७६ नंतरचा.

२७ जुलै

टोकन ठेवायचं की काढायचं, यावर बराच वेळ गेला.

१७९४ चं हाफपेनी टोकन. तेव्हा सरकारी तांब्याची चिल्लर पुरत नसे, म्हणून दुकानदार, कारखानदार आपली टोकनं पाडायचे. यावर लाकडी छापयंत्र, पूर्ण, दांड्यासकट. भोवती लॅटिन: यातून विद्या उगवते आणि स्वातंत्र्य उभं राहील. दुसऱ्या बाजूला लंडनच्या फ्रँकलिन प्रेसचं नाव. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी, १७२५ च्या सुमारास, लंडनच्या वॉट्स यांच्या छापखान्यात कामाला होता, त्याची ही आठवण.

कॅक्स्टनशी याचा थेट संबंध नाही, मध्ये तीन शतकं गेली. पण तिरक्या उजेडात टोकन धरलं की यंत्राचा स्क्रू, खालचा सपाट दाब, दोन्ही बाजूंचे जाड खांब एकेक करून वर येतात, आणि हेच भाग लियोंच्या १४९९ च्या चित्रातही आहेत. तीनशे वर्षं यंत्राची मूळ रचना फारशी बदलली नाही. हे सांगणारी दुसरी वस्तू माझ्याकडे नाही. ठेवलं.

त्याच पानावर अमेरिकेचं १९३९ चं तिकीट: वसाहतीतल्या छपाईची ३०० वर्षं. त्यावर स्टीफन डे यांचं म्हणून ओळखलं जाणारं यंत्र. इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सला छपाई गेली ती याच कुटुंबाबरोबर. हे तिकीट पोलादावर कोरून छापलेलं, बोट फिरवलं तर शाई किंचित उठलेली लागते. बरोबर ब्रिटिश तिकिटांच्या उलट.

३ ऑगस्ट

ऑक्सफर्डचं पान लहानच ठेवलं. तिथे छापलेल्या एका लॅटिन पुस्तकावर १४६८ साल आहे. रोमन अंकांत एक एक्स गळलेला, खरं साल १४७८. या गळलेल्या अक्षरावर सतराव्या शतकात रिचर्ड ॲटकिन्सने आख्खी कथा उभारली: राजाने परदेशातून एका कारागिराला फोडून, पहाऱ्यात ऑक्सफर्डला आणवलं, म्हणून छपाईचा हक्क राजाचाच. १६६४ च्या त्याच्या पुस्तिकेला दुसऱ्या चार्ल्सचं कोरीव चित्र. कॅक्स्टनने पदरच्या पैशाने आणलेली कला राजाची ठरवायला एक खिळा कमी पडला ते पुरलं.

सेंट ऑल्बन्सला दोन ओळी: १४८६ चं शिकार आणि कुलचिन्हांचं पुस्तक, इंग्लंडमध्ये रंगीत छापलेली पहिली चित्रं. चित्र मिळालं तर लावीन.

१० ऑगस्ट

आज एका विक्रेत्याची यादी आली, त्यात कॅक्स्टनच्या पुस्तकाचं सुटं पान. किंमत पाहून यादी मिटली. पण विषय फ्रेमसाठी महत्त्वाचा आहे.

सुटी पानं येतात कुठून? काही बांधणीतून. काही मात्र अपुऱ्या प्रती मोडून. १९०५ मध्ये शिकागोच्या कॅक्स्टन क्लबने गॉर्डन डफ यांचं कॅक्स्टनवरचं पुस्तक काढलं आणि १४८ प्रतींत 'कँटरबरी टेल्स'च्या पहिल्या आवृत्तीचं एकेक अस्सल पान घातलं. आज त्या प्रती स्वतःच दुर्मीळ. अपुरी का असेना, एक प्रत चार शतकांहून जास्त जगली आणि तिच्या छापणाऱ्याच्याच नावाने चाललेल्या क्लबने ती वाटून टाकली. संग्राहकांत याला प्रसादवाटप म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. अपुरी प्रत एकत्र असली तर तिच्या बांधणीवरून, कागदावरून, कोणाच्या हातातून गेली यावरून काही कळतं. सुट्या पानाला फ्रेम करता येते, एवढंच.

'कँटरबरी टेल्स'च्या याच पहिल्या आवृत्तीची एक प्रत १९९८ मध्ये लंडनच्या लिलावात ४६ लाख पौंडांच्या वर गेली.

मी त्याऐवजी १८५५ चा नमुना लावणार. व्हिन्सेंट फिगिन्स या खिळे ओतणाऱ्याने बुद्धिबळाच्या पुस्तकाची नक्कल छापली, त्यासाठी कॅक्स्टनच्या अक्षरांवरून खिळे नव्याने पाडले. माझ्याकडे त्याच्या दोन पानांच्या चांगल्या प्रती आहेत. ११ पेन्सच्या तिकिटाशेजारी त्या चपखल बसतात. नक्कल आहे, आणि नक्कल म्हणून छापलेली आहे.

१७ ऑगस्ट

क्रम पक्का. मुखपृष्ठावर चिन्ह. मग चेहरे, मार्गारेट, १९७६ चा संच तीन पानांत, यंत्र, जाहिरात, ऑक्सफर्ड, फिगिन्स, मॅक्लिस, खिडक्या, ब्लेड्स, टोकन, सुटी पानं. शेवटचं पान विंकिन डी वर्डला दिलं.

१० पेन्सच्या तिकिटावरचा मजकूर खरं तर त्याचा. कॅक्स्टन गेल्यावर दुकान या मदतनिसाने चालवलं, 'ट्रीटिस ऑफ लव्ह' त्याने १४९३ च्या सुमारास छापलं, अक्षरं मालकाचीच. म्हणून एक गटर जोडी संचातून काढून इथे आणली. १५०० च्या सुमारास त्याने बाडबिस्तरा उचलला आणि फ्लीट स्ट्रीटला गेला, लंडनच्या गिऱ्हाइकांजवळ. दरबाराच्या सावलीतून बाजारात. पुढे वर्तमानपत्रांसाठी जी गल्ली नावाजली तिथला तो पहिला छापणारा. त्याच्यावर चित्रं कोणी फारशी रंगवली नाहीत, राजा त्याच्या दुकानात आल्याची कथा नाही ना.

त्याच्याच १४९५ च्या सुमाराच्या एका ग्रंथात जॉन टेटने इंग्लंडमध्ये बनवलेला कागद वापरलाय. कॅक्स्टनचा सगळा कागद समुद्रापलीकडून यायचा.

प्रवेशाचा फॉर्म भरून पाठवला. टपालाचं साहित्य निम्म्याच्या किंचित वर भरतं, तेवढं पुरे. बाकी काम: टोकनसाठी पानात खिडकी कापायची, आयोजकांनी जाडीची मर्यादा ५ मिलिमीटर दिली आहे, टोकन आणि माउंट मिळून त्यात बसतं. काकांना मराठी ओळी मोठ्या अक्षरांत छापून दाखवायच्या, रफार कुठे चुकले ते बघायला. सेंट ऑल्बन्सचं चित्र अजून आलेलं नाही.